पीठ, पाणी आणि आच

१७१७ साली सॅक्सनीचा शासक ऑगस्टस याने आपल्या फौजेतले ६०० घोडेस्वार प्रशियाच्या राजाला देऊन टाकले आणि बदल्यात १५१ चिनी मातीची भांडी घेतली. म्हणजे एका भांड्यामागे साधारण चार शिपाई. त्यातल्या झाकणाच्या उंच बरण्या ड्रेस्डेनला जपून ठेवल्या आहेत आणि त्यांचं नावच ‘ड्रॅगून बरण्या’ पडलं आहे, त्या घोडेस्वारांवरून. सौदा वेडेपणाचा वाटतो खरा. पण दुकानात एखादा निळ्या नक्षीचा बाऊल उचलायचा, किंमत बघून खाली ठेवायचा आणि दाराशी जाऊन पुन्हा मागे फिरायचं, हे ज्यांनी केलंय त्यांना ऑगस्टस अगदीच परका वाटणार नाही.

या सौद्याच्या थोडी वर्षं आधीपर्यंत युरोपला ही भांडी विकत घेता येत होती, पण करता येत नव्हती. चीनमधल्या जिंगदेझनचे कारागीर कित्येक शतकं ती करत होते. पांढरीशुभ्र, टणक, आणि इतकी पातळ की दिव्यासमोर धरली तर पलीकडच्या बोटांची सावली दिसावी. टिचकी मारली की खणखणणारी. शेवटी सोनं करून देतो म्हणणारा ब्योटगर नावाचा एक किमयागार ऑगस्टसने कैदेत ठेवला होता, त्याला चिर्नहाउस या शास्त्रज्ञाबरोबर कामाला लावलं, आणि १७०८ मध्ये गुपित सापडलं. सोनं काही झालं नाही. १७१० मध्ये माइसेनला कारखाना मात्र उभा राहिला.

चिनी कारागिरांचं गुपित तरी काय? केओलिन नावाची पांढरी माती आणि फेल्डस्पार या खनिजाचा अंश असलेल्या दगडाची पूड. बारीक दळायचं, पाण्यात कालवायचं, आकार द्यायचा, वाळवायचं आणि तेराशे अंशांच्या आसपास भाजायचं. खरी गंमत भट्टीच्या आत आहे. वरवरचं पाणी आधीच उडालेलं असतं. पाचशे-सहाशे अंशांना मातीच्या कणांच्या रचनेतच बांधलेलं पाणीही निघून जातं. हा उंबरठा ओलांडला की परत फिरणं नाही, ते भांडं पाण्यात कितीही भिजवा, त्याचा पुन्हा चिखल होत नाही. आच वाढत गेली की फेल्डस्पार वितळून काच होतो आणि कणांमधल्या फटी भरून काढतो. त्या काचेत म्युलाइट या खनिजाचे सुईसारखे स्फटिक वाढतात, आणि भांडं आकसून लहान होतं. हाती येते ती माती नसतेच, स्फटिकांनी विणलेली काच असते. म्हणून उजेड आरपार जातो. म्हणूनच सूक्ष्म तडा गेला तरी कानाला कळतं, टिचकी बद्द वाजते.

आता संध्याकाळी साडेसातला, ऑफिसातून येऊन, भाजी आणायला विसरलेल्या घरात काय होतं ते बघा. पिठलं होतं. आणि पिठलं म्हणजे तरी काय, बारीक दळलेली पूड, पाणी आणि परत न फिरणारी आच!

तेल तापतं, मोहरी तडतडते. तिच्या दाण्यात थोडं पाणी असतं, त्याची वाफ होऊन साल फुटतं. हिंग कच्चा हुंगला तर नाक मुरडावं लागतं. गरम तेलात पडला की त्याचा उग्रपणा उतरतो. मग मिरची, लसूण, कांदा. हळद फोडणीतच का, तर तिचा रंग पाण्यात जेमतेम विरघळतो, तेलात मात्र छान उतरतो. तोवर वाटीत बेसन गार पाण्यात कालवून घ्यायचं. गारच. कारण पिठातल्या स्टार्चचे कण साठ-सत्तर अंशांपुढे पाणी पिऊन फुगतात. कोरडं बेसन थेट उकळत्या पाण्यात टाकलं तर बाहेरचा थर क्षणात फुगून चिकट होतो, आतलं पीठ कोरडंच बंदिस्त राहतं, आणि झाल्या गुठळ्या. गार पाण्यात प्रत्येक कण आधी सुटा भिजतो, मग सगळे एकदमच फुगतात. पातळ पाण्यासारखं मिश्रण बघता बघता डावाला जड लागायला लागतं. झाकण ठेवून वाफ काढली की कच्चा वास जातो. वीस मिनिटं पुरतात. कोकणात हेच कुळथाच्या पिठाचं करतात, वर आमसूल टाकून. मला विचाराल तर पावसाळ्यात त्याला तोड नाही.

ताटात पडल्यावरही काम थांबत नाही. निवताना फुगलेल्या कणांतून सुटलेल्या स्टार्चच्या साखळ्या पुन्हा एकमेकींना बिलगतात आणि पिठलं आळतं. म्हणून ते कढईत थोडं सैल असतानाच उतरवायचं.

हे पिवळंधमक पिठलं निळ्या-पांढऱ्या बाऊलमध्ये वाढलं तर दोन गोष्टी होतात. एक, ते जास्त देखणं दिसतं, आणि बहुधा चवही बदलते: पांढऱ्या ताटलीतलं स्ट्रॉबेरीचं मूस लोकांना काळ्या ताटलीतल्यापेक्षा गोड लागतं, असं एका प्रयोगात दिसलं आहे. दुसरी, हळदीचा डाग राहत नाही. प्लॅस्टिकचा डबा एका पिठल्यात कायमचा पिवळा होतो. चिनी मातीवरचा झिलईचा थर मात्र काचेचा, त्यात हळदीला शिरायला वाटच नाही. (प्लॅस्टिकचा डबा उन्हात ठेवा. हळदीचा रंग उजेडात विटतो.)

निळाच रंग का, हाही प्रश्न पडायला हवा. तो कोबाल्टचा, आणि भट्टीची सगळी आच सोसून टिकणारे रंग फार थोडे. चौदाव्या शतकात जिंगदेझनला हा कोबाल्ट इराणकडून येत असे. पुढे जिंगदेझनची भांडी पोर्तुगीजांच्या गलबतांतून मकावहून गोव्याला आली आणि तिथल्या जुन्या घरांच्या कपाटांत जाऊन बसली. कोबाल्टची नक्षी झिलईच्या खाली असते, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या घासूनही जात नाही. लाल, गुलाबी, सोनेरी हे बहुतेक वेळा झिलईवर, कमी आचेत चढवतात. बोट फिरवलं तर उंचवटा लागतो. ते झिजतात, आणि सोनेरी काठ मायक्रोवेव्हमध्ये ठिणग्या उडवतो. जत्रेत मिळणारी फार भडक, स्वस्त भांडी मात्र शोभेलाच ठेवावीत. त्यांच्या झिलईत शिसं असू शकतं आणि आमसुलासारख्या आंबटाने ते अन्नात उतरतं. बोन चायनाबद्दल शाकाहारी घरांत जी कुजबुज असते ती खरी आहे: त्यात निम्म्याच्या आसपास गुरांच्या हाडांची राख असते. घेताना विचारून घ्या.

पण घेतलेलं कपाटात कुलूपबंद का ठेवायचं? पाहुण्यांसाठी राखलेला आणि पाहुणे आल्यावर ‘फुटेल गं’ म्हणून न काढलेला डिनर सेट मला नेहमी थोडा केविलवाणा वाटतो. तेराशे अंश सोसलेल्या वस्तूला पिठल्याची काय भीती! रोज वापरल्यावर आतल्या बाजूला करड्या रेघा दिसायला लागतात, तेव्हा लोक हळहळतात, ओरखडे पडले म्हणून. बहुतेकदा ते ओरखडे नसतातच. झिलई स्टीलपेक्षा टणक असते. झिजतो तो चमचा, आणि त्याचा धातू तिथे चिकटून राहतो. ओला खायचा सोडा लावून चोळला की बऱ्याचशा रेघा निघतात.

एका गोष्टीला मात्र सुंदर भांडं लागत नाही. पिठल्यात पाणी आहे तोवर ते शंभर अंशांच्या वर फारसं जात नाही, म्हणून ते पिवळंच राहतं. लोखंडी कढईच्या बुडाला पाणी आटतं, तापमान चढतं, प्रथिनं आणि शर्करा एकमेकांना भिडतात आणि तांबूस, खमंग खरपुडी धरते. ती वाढून घ्यायची नसते. उलथन्याने खरवडायची, थोडं तेल सोडायचं, आणि ज्याने पिठलं केलं त्याने ओट्याशी उभ्यानेच खाऊन टाकायची.