रहाटगाडग्यातला आवाज
लेखमाला : पायाखालचं इलेक्ट्रॉनिक्स – भाग ६

परभणी-जिंतूर रस्त्यावरच्या झरीत गिटार वाजवणारी पोरं बोटांवर मोजता येतील. पण ‘इको’ ठाऊक नाही असा माणूस गावात सापडायचा नाही. सप्ताह बसला की साउंडवाला माईक फुंकून पाहतो, आणि टाळकऱ्यांतला कुणीतरी जुना जाणता लगेच सांगतो, “जरा इको सोड रे.” साउंडवाला अँप्लिफायरवरचं एक बटन पाव फेरी फिरवतो आणि मंडपातला आवाज एकदम डोंगरकपारीत गेल्यासारखा होतो. त्या बटनामागं बहुतेक वेळा पीटी २३९९ नावाची सोळा पायांची चिप असते. आपण या आठवड्यात जो डिले पेडल जोडतोय, त्याच्या किटमधली मुख्य चिपही तीच. परदेशी कंपन्यांनी नक्षीदार डब्यात घालून विकलेल्या कित्येक डिले पेडलांतही तीच सापडते. तैवानच्या प्रिन्स्टन टेक्नॉलॉजी कंपनीची ही चिप मुळात कराओकेच्या यंत्रांसाठी चालली. भजनाला आणि गिटारीला ती नंतर लागू पडली. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत ती दोघांच्या चहा-नाश्त्याच्या खर्चात मिळते.

म्हणून गेल्या दोन हप्त्यांतल्या फझपेक्षा हा पेडल मला आपल्याकडचा वाटतो. फझ म्हणजे आवाज फाडणं; ते कशासाठी, हे गावात समजावून सांगावं लागतं. इकोचं तसं नाही. उन्हाळ्यात मोकळ्या माळावर उभं राहून साठेक मीटरवरच्या शाळेच्या भिंतीकडं तोंड करून हाक मारा. गरम हवेत आवाज सेकंदाला साधारण ३५० मीटर जातो. जाऊन-येऊन १२० मीटर, म्हणजे सेकंदाचा तिसरा हिस्सा. कारखान्याच्या तक्त्यात या चिपची शेवटची पायरी आहे ३४२ मिलिसेकंद. शाळेची भिंत बरोबर तेवढीच लांब आहे.

भिंत नसताना आवाज उशिरा परत आणायचा तर तो मधल्या काळात कुठंतरी ठेवावा लागतो. आधी तो टेपवर ठेवत. एका हेडनं लिहायचा आणि पुढच्या हेडनं वाचायचा. दोन हेडांमधलं अंतर म्हणजे उशीर. रोलंडचा १९७४चा ‘स्पेस इको’ असाच चालायचा. टेप झिजली की आवाज डगमगायचा, आणि तो डगमग आवडणारे लोक आजही आहेत. १९६९मध्ये फिलिप्सच्या सँगस्टर आणि टीअर यांनी टेपऐवजी कपॅसिटरांची रांग वापरायची युक्ती मांडली. एका कपॅसिटरमधला भार पुढच्यात, पुढच्यातला त्याच्या पुढच्यात. १९८३मध्ये बॉसनं आकड्यांवर चालणारा डिले पायाखालच्या डब्यात बसवला. पीटी २३९९ याच वाटेवरची, पण गरिबाघरची. तिच्यातही आवाजाचे आकडे होतात. फक्त फार काटकसरीनं.

ती काटकसर कळली की अर्धा पेडल कळला. चिपमध्ये ४४ किलोबिटांची स्मृती आहे, म्हणजे चव्वेचाळीस हजारांहून थोडी जास्त घरं. प्रत्येक घरात आवाजाची पूर्ण उंची लिहीत नाहीत. तो आधीपेक्षा वर चढला की खाली उतरला, एवढंच एक हो-नाही लिहितात. ही घरं म्हणजे विहिरीवरच्या रहाटगाडग्याचे पोहरे. त्यांची संख्या ठरलेली. रहाट भरभर फिरवला तर खाली भरलेलं पाणी लवकर वर येतं आणि धारही सलग पडते. सावकाश फिरवला तर पाणी उशिरा येतं आणि ठिबकत, तुटक येतं. पेडलवरचं ‘टाइम’ नावाचं बटन फक्त हा रहाट फिरवायचा वेग बदलतं. उशीर ३१ मिलिसेकंदांचा ठेवला तर सेकंदाला चौदा लाखांच्या वर घरं भरतात. तो ३४२वर नेला की ती सव्वा-दीड लाखांच्या मध्ये येतात. म्हणून लांबचा इको नेहमी थोडा खरखरीत, धुळीनं माखलेला. त्यात तुमच्या सोल्डरिंगच्या डागांचा काही दोष नाही.

हा वेग ठरतो चिपच्या सहाव्या पायाला ग्राउंडशी जोडणाऱ्या रेझिस्टरनं. पाव सेकंदाच्या आसपासचा उशीर हवा तर तिथं वीसेक किलोओहम लागतात. तक्ता २७.६ किलोओहमवर थांबतो, पण किटवाले बटनाखाली खुशाल ५० किलोओहमचं पॉट, म्हणजे फिरवून बदलता येणारा रेझिस्टर, देतात. ते शेवटपर्यंत फिरवलं तर उशीर सहाशे मिलिसेकंदांकडं जातो आणि खरखर गाण्याच्या बरोबरीला येते. मी म्हणेन, त्या बाजूला कधीमधी गंमत म्हणून जावं, मुक्कामाला नको. त्याच पॉटच्या रांगेत २.७ किलोओहमचा एक छोटा रेझिस्टर आहे: लाल, जांभळा, लाल. नवशिक्याला वाटतं हा कशाला, पॉट आहेच की. पण वीज चालू होताना सहाव्या पायाला फार कमी रोध दिसला तर चिप अडकून बसते आणि इको येतच नाही. तो रेझिस्टर गाळायचा नाही.

दुसरं बटन ‘रिपीट’. चिपमधून बाहेर आलेल्या उशिराच्या आवाजातला थोडा भाग पुन्हा आत सोडायचा, म्हणजे इकोचा इको होतो, त्याचाही पुढं होतो. प्रत्येक फेरीत आवाज एका गाळणीतून जातो आणि त्याची वरची धार कमी होते. झांजेचा ‘छन्’ चौथ्या फेरीला नुसता ‘हं’ उरतो. परत सोडलेला भाग आलेल्यापेक्षा मोठा झाला की फेऱ्या विझायच्या ऐवजी वाढत जातात आणि पेडल आपणहून घुमायला लागतो. हे घुमणं आणि माईक भोंग्यासमोर धरल्यावर येणारी शिट्टी ही एकाच जातीची, पण रस्ते वेगळे. शिट्टीत आवाज हवेतून फिरून येतो, इथं तांब्याच्या तारेतून. साउंडवाल्यांच्या मंडपात दोन्ही एकदम चालू असतात. आणि भोंगे दोन दिशांना लांब-लांब टांगले की खरा, हवेतला इकोही त्यात मिसळतो. मग महाराजांचं निरूपण चाललेलं कळतं, पण शब्द हाती लागत नाही. आधीच्या शब्दाची शेपटी पुढच्या शब्दाच्या क, त, प या अक्षरांवर येऊन बसते. नामघोषाला इको शोभतो, निरूपणाला तो पार बंद हवा. हे मी साउंडवाल्यांना सांगून पाहिलंय. ते ऐकून घेतात.

आता प्रश्न असा, की चिप तीच आहे तर साउंडवाल्याचा तयार इको बोर्ड घेऊन त्यालाच गिटार का लावू नये? लावून पाहा. आवाज येतो, पण तोंडावर गोधडी घेतल्यासारखा. गिटारीच्या पिकअपमध्ये बारीक तारेचे हजारो वेढे असतात. त्याच्याकडं देण्यासारखा प्रवाह फार थोडा. इको बोर्डाचं तोंड माईकच्या अँप्लिफायरनंतर बसायचं म्हणून केलेलं, काही दहा किलोओहमांचं. तिथं पिकअप दबतो आणि वरचे स्वर आधी जातात. आपल्या किटात चिपच्या आधी टीएल ०७२ हा आठ पायांचा आयसी आहे आणि त्याच्या तोंडाशी १ मेगओहम: तपकिरी, काळा, हिरवा. पेडल म्हणून जास्तीचे पैसे मोजायचे तर ते या तोंडासाठी. त्याच टीएल ०७२चा दुसरा अर्धा भाग शेवटी मूळ आवाज आणि उशिराचा आवाज एकत्र करतो. तुमचा मूळ आवाज चिपमध्ये जातच नाही. तो सरळ वाटेनं स्वच्छ बाहेर येतो, रहाटाचं पाणी त्यात नंतर मिसळतं. ‘मिक्स’चं बटन ते किती मिसळायचं एवढंच पाहतं.

हे सगळं बेंजोवाल्यांनीही वाचावं अशी माझी इच्छा आहे, कारण या भागात गिटारीपेक्षा बेंजो कितीतरी जास्त. मिरवणुकीत, लग्नाच्या वरातीत, कव्वालीत बैठकीवर, सगळीकडं तो आहे. आपला बेंजो मुळात जपानच्या तायशोगोतोचा वंशज. नागोयाच्या मोरिता गोरो यांनी १९१२च्या सुमारास तारांवर टाइपरायटरसारख्या पट्ट्या बसवल्या, आणि ते वाद्य फिरत फिरत आपल्याकडं बुलबुलतरंग झालं. रवी जाधव यांनी २०१६मध्ये ‘बँजो’ हा हिंदी सिनेमा काढला, त्यात रितेश देशमुखच्या हातात हेच. त्याला चुंबकाचा पिकअप बसवलेला असेल तर हा पेडल आहे तसा चालेल. लाकडाला चिकटवायची चकती असेल तर तिला १ मेगओहमही कमी पडतो, खालचे स्वर पातळ होतात. तिथला रेझिस्टर बदलून ४.७ मेगओहमचा टाका. बेंजोची तार छेडली की स्वर झटकन मरतो, मागं काही उरत नाही. डिले त्याच्यासाठीच केल्यासारखा वाटतो.

जोडणीचं आता थोडक्यात, कारण डाग कसा द्यायचा ते तिसऱ्या भागात झालंय. बुटक्या वस्तू आधी: रेझिस्टर, डायोड, आयसीची बैठक. मग कपॅसिटर, शेवटी तारा. पिवळ्या-तपकिरी बारक्या कपॅसिटरवर १०४ लिहिलेलं असतं, म्हणजे १० आणि पुढं चार शून्यं, इतके पिकोफॅरड, आपला ०.१ मायक्रो. १०३ त्याच्या दहाव्या हिश्शाचा. हे दोन दिसायला जुळे आहेत. उदबत्तीच्या घरात रॉकेलची बाटली ठेवत नाहीत, तसे ते एका वाटीत ठेवू नका. डब्यासारखे उभे कपॅसिटर मात्र दिशा पाहून. अंगावरचा फिका पट्टा ज्या पायाकडं तो ऋण.

दोन्ही चिपा बैठकीत घालायच्या आधी वीज देऊन मीटर लावायचा. ७८०५ हा तीन पायांचा रेग्युलेटर नऊचे पाच व्होल्ट करतो. पीटी २३९९च्या बैठकीत पहिल्या पायावर पाच आले पाहिजेत, तिसरा आणि चौथा ग्राउंड. टीएल ०७२च्या आठव्या पायावर नऊच्या जवळपास. हे जुळलं की वीज काढा, खाच जुळवून चिपा बसवा, पुन्हा वीज द्या. आता पीटीच्या दुसऱ्या पायावर अडीच व्होल्ट दिसले की ती जिवंत आहे असं समजा. पाचच्या जागी नऊ दिसत असतील तर चिप आत घालूच नका. रेग्युलेटर उलटा बसलाय.

विजेच्या बाबतीत गावाकडं दोन भानगडी होतात. पेडलांच्या जगात अॅडॉप्टरच्या टोकाचा मधला खांब ऋण असतो, आणि आपल्याकडं घरात पडलेले बहुतेक अॅडॉप्टर मधे धन असलेले. किटात वाट अडवणारा डायोड आहे म्हणून जळणार काही नाही, पण पेडल मुका राहील आणि तुम्ही डाग तपासत रात्र काढाल. आधी टोक तपासा. दुसरं, चिपला पाचच व्होल्ट लागतात म्हटल्यावर मोबाईलचा चार्जर जोडायचा मोह होतो. टीएल ०७२ला ते पुरत नाहीत, आणि स्वस्त चार्जरची किणकिण मागून ऐकू येत राहते ती वेगळीच. नऊ व्होल्टच्या साध्या चौकोनी बॅटरीवर हा पेडल चालतो, पण खातोही पुष्कळ. फझची बॅटरी महिनोन् महिने टिकली तशी आशा धरू नका. मिरवणुकीच्या गाडीवरची १२ व्होल्टची बॅटरी चालेल, फक्त तिच्या वाटेवरचे उभे कपॅसिटर २५ व्होल्टचे आहेत ना ते अंगावर वाचून घ्या.

जोडून झाला की टाइमचं बटन ठेक्याशी जुळवायचं. ६०,००० भागिले मिनिटातल्या मात्रा, म्हणजे एका मात्रेचे मिलिसेकंद. मिनिटाला ९० मात्रांचं भजन असेल तर मात्रा ६६७ मिलिसेकंदांची, तिचा अर्धा ३३३. चिपच्या स्वच्छ टप्प्यात बरोबर बसतो. मात्रेवर एक स्वर वाजवा, इको दोन मात्रांच्या मधोमध पडतो आणि एकटा वाजवणारा दोघं असल्यासारखा वाटतो. इंग्रजी बँडांच्या गाण्यांतला पाऊण मात्रेचा इको ऐकून पोरं तो मागतात; १२०च्या लयीला तो ३७५ मिलिसेकंद होतो. येतो, पण थोडी धूळ घेऊन. मिरवणुकीतल्या १८०च्या लयीला पूर्ण मात्राच ३३३ची. म्हणजे भजनाला लावलेलं बटन हलवावंच लागत नाही.

पुढच्या आठवड्यात हा बोर्ड अॅल्युमिनियमच्या डब्यात घालू आणि पायानं दाबायचा नऊ टोकांचा स्विच जोडू. त्या स्विचला १२ मिलिमीटरचं भोक लागतं. एवढं जाड बिट घरातल्या पेटीत बहुधा नसतं; गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याला आताच विचारून ठेवा.