चार अंशांवर वागणं बदलणारं पाणी

जॉन लॉकच्या ग्रंथात सयामच्या राजाची एक गोष्ट आहे. डच वकिलाने दरबारात सांगितलं की आमच्याकडे थंडीत पाणी इतकं टणक होतं की त्यावरून माणसं चालतात, हत्तीही पेलेल. राजाने त्याला सरळ खोटारडा ठरवलं. पुढे डेव्हिड ह्यूमने असाच एक भारतीय राजपुत्र उभा केला आणि म्हटलं, बर्फाच्या वार्तेवर त्याने विश्वास ठेवला नाही हे तर्काला धरूनच होतं. आता आपण इथे चंद्रपुरात बसलोय. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. गोठलेला तलाव आपल्यापैकी कोणी इथे पाहिलाय? म्हणजे तो राजपुत्र आपलाच माणूस.

पण तलावाचं पाणी थंड होताना काय होतं, हे आपल्याकडेही दिसतं. आपला एखादा मामा तलाव घ्या, किंवा शेतातली बोडी. थंडीत रात्री आकाश निरभ्र असलं की पाण्याचा वरचा थर आपली उष्णता सोडतो. तो गार होतो, आकसतो, जड होतो आणि खाली उतरतो. त्याच्या जागी खालचं कोमट पाणी वर येतं. रात्रभर हे चालू असतं. पहाटे जाळं टाकायला जाणाऱ्या ढिवराला पाण्यावर वाफ दिसते, कारण हवा पाण्याहून खूप गार झालेली असते. ही जी उलाढाल आहे ना, तिलाच नैसर्गिक अभिसरण म्हणतात. चुलीवरच्या आंधणात तेच होतं, फक्त तिथे सुरुवात खालून होते.

गरम पाणी ‘वर जातं’ असं आपण म्हणतो, पण ते स्वतःहून जात नाही, जड पाणी त्याला वर ढकलतं. आपले वैशेषिक इथे ॲरिस्टॉटलपेक्षा सरस वाटतात मला. ॲरिस्टॉटलला हलकेपणा ही स्वतंत्र प्रवृत्ती वाटत होती. अन्नंभट्टासारखे आपले तार्किक म्हणतात, लघुत्व म्हणजे गुरुत्वाचा अभाव, वेगळा गुण नव्हे.

आता हाच तलाव मनातल्या मनात काश्मीरला न्या. वरचं पाणी गार होतंय, बुडतंय. असं करत करत सगळा तलाव चार अंशांवर येतो. आणि इथे पाणी वागणं बदलतं. एक घनमीटर पाणी चार अंशांवर 999.97 किलो भरतं, शून्यावर 999.84. म्हणजे चाराच्या खाली ते गार होताना फुगतं, हलकं होतं. मग वरचा गार थर खाली जाईलच कशाला? तो वरच राहतो, वरच गोठतो. बर्फाचं वजन घनमीटरला सुमारे 917 किलो, म्हणून तो तरंगतो. आता उष्णता बाहेर जायची तर ती फक्त वहनाने, थराथरातून झिरपत. आणि पाणी या कामात फार आळशी, तांब्याच्या तुलनेत साधारण सातशे पट. तळाशी चार अंशांचं पाणी राहतं, मासे तिथे हिवाळा काढतात.

तेरा शतांश किलोचा हा फरक! आपल्या बोडीत पाणी बत्तीसवरून अठ्ठावीसवर आलं तर घनमीटरमागे वजन सव्वा किलोच्या आसपास वाढतं, म्हणजे नऊ पट. तेच चार अंश उतरले, पण गोठणबिंदूजवळ अभिसरणाचा जोर किती मंदावतो बघा.

म्हणून मला अलाहाबादची जुनी बर्फाची शेती फार आवडते. सर रॉबर्ट बार्करने 1775 मध्ये तिचं वर्णन छापलं. खड्ड्यात उसाची चिपाडं किंवा मक्याची ताटं पसरायची, वर सव्वा इंच खोल मातीच्या परातींत पाणी ठेवायचं, पहाटे बर्फ. तिथल्या तळ्यांवर मात्र बर्फ कधी दिसला नाही. का? तळ्यात आधी सगळं पाणी चारावर यायला हवं, परातीत फक्त सव्वा इंच. शिवाय खालच्या चिपाडांतून जमिनीची ऊब पोचत नाही.

ह्यूम एका तळटीपेत म्हणतो, पाणी गोठतं ते एकदम, आधी काही सूचना न देता. इथे तो चुकला. पाणी चार अंशांवर स्पष्ट सूचना देतं, आणि फ्लॉरेन्सच्या अकादमीने पाणी गोठण्याआधीच फुगतं हे 1667 मध्ये, त्याच्या जन्माआधी चव्वेचाळीस वर्षं, छापलेलं होतं. ते पक्कं केलं एडिंबरोच्या थॉमस होपने, 1805 मध्ये. उभ्या भांड्यात वर एक, खाली एक थर्मामीटर, मधे बर्फाचा पट्टा. आधी खालचा उतरला, चारावर थांबला, मग वरचा शून्याकडे गेला.

आणि हे फक्त बर्फाच्या देशांचं नाही. मे अखेर आपल्या खोल तलावात वर गरम, तळाशी गार, कमी प्राणवायूचं पाणी असतं. पहिल्या जोरदार पावसाने वरचा थर गार होऊन बुडतो, तळाचं पाणी वर येतं. दुसऱ्या सकाळी मासे पृष्ठभागावर तोंडं उघडून दिसतात. ज्याने मत्स्यबीज सोडलंय त्याने त्या रात्री खाद्य टाकू नये, पंप लावून पाणी उडवत ठेवावं.