लोकेशन चालू ठेवलं की डेटा संपतो का? जीपीएस, नकाशा आणि घाटात जाणारी रेंज

मोबाईलचं लोकेशन चालू ठेवलं की नेट संपतं, हा समज आपल्या घराघरांत पक्का बसलेला आहे. अम्मी-अब्बा प्रवासाला निघाले की आधी लोकेशन बंद करतात. इकडे मुलं फोनवर "लोकेशन पाठवा ना" म्हणून मागे लागतात, आणि तोवर गाडी हातखंबा तिठा सोडून पालीच्या पुढे गेलेली असते. गंमत अशी की डेटा वाचवायला आपण जे बंद करतो, त्याला डेटा लागतच नाही. ज्याला लागतो ते नेमकं आंबा घाटात, जिथे रेंज नसते, तिथे हवं असतं. दोन्ही गोष्टी वेगळ्या कशा, हे एकदा कळलं की पुढचं सोपं आहे.

जीपीएस म्हणजे आकाशातले उपग्रह. ते जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात आणि "मी अमुक ठिकाणी आहे, आता इतके वाजले आहेत" एवढाच संदेश सतत पाठवत राहतात. आपला फोन तो संदेश फक्त ऐकतो, उलट काहीही पाठवत नाही. आकाशवाणीच्या रत्नागिरी केंद्राचा कार्यक्रम घरात कितीही वेळ लावला तरी कोणी बिल पाठवत नाही, तसंच हे आहे.

मग नुसतं ऐकून जागा कशी कळते? वर्गात मुलांना मी अजानचं उदाहरण देते. समजा, तीन मशिदींत अगदी एकाच क्षणी अजान सुरू झाली. आवाजाला एक किलोमीटर यायला जवळपास तीन सेकंद लागतात. म्हणजे जवळच्या मशिदीचा आवाज आधी येईल, लांबच्या मशिदीचा उशिरा. कुठला आवाज किती उशिरा आला हे नीट मोजता आलं, तर डोळे मिटूनही आपण गावात कुठे उभे आहोत ते सांगता येईल. फोन हेच करतो, फक्त आवाजाच्या जागी रेडिओ लहरी असतात आणि त्यांचा वेग सेकंदाला ३ लाख किलोमीटर. इथे घड्याळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने चुकलं तरी जागा ३०० मीटरने चुकते. फोनचं घड्याळ एवढं अचूक नसतं, म्हणून तीनऐवजी निदान चार उपग्रह ऐकू यावे लागतात. चौथा घड्याळाची चूक काढून देतो. हल्लीचे फोन अमेरिकेच्या जीपीएसबरोबर रशियाचे, युरोपचे, चीनचे उपग्रहही ऐकतात, आणि काही फोन आपल्या इस्रोच्या नाविकचेही.

खात्री करून घ्यायची असेल तर घरी करून बघा. डेटा बंद करा, लोकेशन चालू ठेवा, अंगणात किंवा गच्चीवर जा आणि नकाशा उघडा. मागे नुसते राखाडी चौकोन दिसतील, पण निळा ठिपका येईल आणि तुम्ही चाललात की तोही चालेल. ठिपका उपग्रहांमुळे येतो. त्याच्याखालचे रस्ते, गावांची नावं, पेट्रोलपंप हे सगळं इंटरनेटवरून येतं. डेटा खर्च होतो तो या दुसऱ्या भागावर.

एक मात्र खरं, डेटा बंद असताना पहिला ठिपका यायला वेळ लागतो. कुठला उपग्रह कुठे आहे याचं वेळापत्रक फोन एरवी नेटवरून झटकन घेतो. नेट नसेल तर ते उपग्रहाकडूनच ऐकावं लागतं, आणि उपग्रह अगदी संथ बोलतो, सेकंदाला फक्त ५० बिट. म्हणून अर्धा मिनिट, कधी त्याहून बराच जास्त वेळ लागतो. त्यात दोन्ही बाजूंना डोंगर आणि वर झाडी असेल तर आकाशच कमी दिसतं. अशा वेळी माणसं वैतागून फोन बंद-चालू करतात आणि वेळ आणखी वाढतो. मोकळ्या जागी थांबून जरा सब्र करावा, ठिपका येतो.

आता नकाशाला डेटा लागतो तरी किती? साध्या नकाशावर रस्ता दाखवायला तासाला काही एमबी. त्याच तासात मागच्या सीटवर कोणी चांगल्या दर्जाचा व्हिडिओ बघत बसलं तर १ ते ३ जीबी जातात. रोजच्या दीड जीबीच्या पॅकमध्ये नकाशा कुठे जातो ते दिसतही नाही. वाढतं ते 'सॅटेलाइट' चित्र लावलं की, म्हणजे घरांची छपरं आणि झाडं दिसणारा नकाशा. तो बंद करून साधा ठेवा. तुमच्या फोनचा खरा हिशोब फोनमध्येच असतो: सेटिंगमध्ये डेटा वापर उघडा, ॲपवार यादी येते. बहुतेक घरांत वरचे नंबर व्हिडिओ, रील आणि व्हॉट्सॲपवर आपोआप उतरणाऱ्या फोटोंचे निघतील. वाचवायचंच असेल तर व्हॉट्सॲपचं 'मीडिया ऑटो-डाउनलोड' बंद करा, लोकेशनला हात लावू नका.

नकाशा बॅटरी मात्र खातो, कारण स्क्रीन सतत चालू राहते. गाडीत चार्जर हवाच. आणि मे महिन्यात काचेखाली उन्हात ठेवलेला फोन तापून बंद पडतो, तेव्हा दोष जीपीएसला देऊ नये.

निघण्याआधी नकाशा उतरवून घ्या

हातखंब्याहून कोल्हापूरला निघालात तर पाली, नाणीज, साखरपा आणि मग आंबा घाट. गावांत रेंज असते, घाटात ती येते-जाते. हातखंब्याला नेट असताना रस्ता लावला तर फोन तो साठवून घेतो आणि रेंज गेली तरी निळी रेघ राहते. पण वळण चुकलं, किंवा मधेच कुठे वाट वाकडी करावी लागली, की नवा रस्ता काढायला त्याच्याकडे नकाशा नसतो.

यावर उपाय फुकट आहे आणि घरच्या वायफायवर होतो. गुगल मॅप्स उघडा, वर उजवीकडच्या आपल्या फोटोवर बोट ठेवा, 'ऑफलाइन मॅप्स' निवडा, मग आपला भाग स्वतः निवडायचा पर्याय घ्या. एक चौकोन येतो, तो रत्नागिरीपासून कोल्हापूरपर्यंत ताणा. किती एमबी लागतील ते खाली लिहून येतं, मग डाउनलोड करा. एवढं केलं की डेटा पूर्ण बंद असतानाही गाडीचा रस्ता वळणावळणाने सांगितला जातो. हे नकाशे काही काळाने जुने होऊन निघून जातात, म्हणून मोठ्या प्रवासाआधी एकदा अपडेट करावेत. अब्बांच्या फोनमध्ये हे घरातल्या मुलीने किंवा मुलाने करून द्यावं. दहा मिनिटांचं काम आहे.

उतरवलेला नकाशा एक गोष्ट सांगू शकत नाही: आज रस्त्यावर काय झालंय. २२ सप्टेंबर २०२२ रोजी लांज्याजवळ अंजणारीच्या पुलावरून गॅसचा टँकर काजळी नदीत कोसळला आणि महामार्ग बंद ठेवावा लागला. जुलै २०२५ मध्ये खुद्द हातखंब्याजवळ गॅसचा टँकर उलटला, गळती झाली आणि वाहतूक कित्येक तास थांबली. पावसाळ्यात परशुराम घाटात दरड आली की तेच. अशा दिवशी ऑफलाइन नकाशा शांतपणे बंद रस्त्यावरच पाठवेल. म्हणून डेटा वाचवून ठेवायचा तो यासाठी. घाट चढण्याआधी, रेंज असलेल्या शेवटच्या गावात, दोन मिनिटं डेटा चालू करून रस्त्यावर लाल रेघ आहे का ते बघायचं. आणि टपरीवर विचारायचं. समोरून आलेल्या एसटीच्या ड्रायव्हरएवढी ताजी बातमी कुठल्याच ॲपकडे नसते.

नेट चालू असलं तरी नकाशा चुकू शकतो, हेही घरात सांगून ठेवा. जानेवारी २०२१ मध्ये नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात नकाशा बघत रात्री निघालेली गाडी धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर शिरली आणि एकाचा जीव गेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ अर्धवट पुलावरून गाडी खाली पडून तिघे गेले. दोन्ही ठिकाणी प्रश्न जीपीएसचा नव्हता. गाडी कुठे आहे हे फोनला बरोबर कळत होतं, पुढचा पूल चालू नाही हे नकाशाला ठाऊक नव्हतं. रात्री, पावसात, अनोळखी आतल्या रस्त्यावर "पाच मिनिटं वाचतील" असं फोन म्हणाला तर मी तरी महामार्ग सोडणार नाही.

ऑक्टोबर २०२० पासून नियमाने चालकाला हातातल्या फोनचा उपयोग फक्त रस्ता पाहण्यासाठी करता येतो, तोही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. फोन स्टँडवर लावा, आवाज चालू ठेवा.

अपघातात जागा कशी सांगाल

१०८ ला फोन लावला की पहिला प्रश्न "कुठे आहात?" घाटात माणूस घाबरून "अंबाबाईच्या रस्त्यावर, वळणाजवळ" असं काहीतरी सांगतो, आणि वळणं तर पन्नास असतात. नेट नसेल तर व्हॉट्सॲपचं लाइव्ह लोकेशन जात नाही. पण ठिपका असतो. नकाशात निळ्या ठिपक्यावर बोट दाबून धरा, दोन आकडे येतात. आपल्या भागात पहिला १७ च्या आसपास, दुसरा ७३ च्या पुढचा. दशांश चिन्हानंतरचे चार अंक सांगितले तरी जागा साधारण ११ मीटरच्या आत येते. आयफोनच्या कंपासमध्येही हे आकडे खाली दिसतात. ते फोनवर वाचून दाखवा किंवा साध्या एसएमएसने घरी पाठवा. सोबत जवळचा किलोमीटरचा दगड आणि कुठल्या दिशेला जात होतात तेही सांगा. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी ११२ हा नंबर दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून लागू शकतो, एकदा लावून बघावा.

उमराह आणि हजला जाणाऱ्यांसाठीही हेच ज्ञान कामाचं आहे. रोमिंगच्या भीतीने तिथे डेटा बंद असतो, आणि वयस्कर मंडळी हॉटेलचा रस्ता विसरतात. उपग्रह तिथेही तेच आहेत. घरून निघण्याआधी मक्का आणि मदिना या दोन्ही शहरांचा नकाशा उतरवून घ्या, पोहोचल्यावर हॉटेलच्या दारात उभं राहून ती जागा 'सेव्ह' करा. गुगलचा ऑफलाइन नकाशा पायी रस्ता सांगत नाही, फक्त गाडीचा सांगतो. तरी ठिपका आणि हॉटेलची खूण दोन्ही दिसतात, दिशा कळते. पायी रस्ताही हवा असेल तर 'ऑर्गॅनिक मॅप्स' हे मोफत ॲप डेटाशिवाय तो दाखवतं. बोगद्यात आणि अनेक मजली इमारतीत ठिपका भरकटतो, बाहेर आल्यावरच त्यावर भरवसा ठेवावा.

किब्ला दाखवणाऱ्या ॲपबद्दल पालक नेहमी विचारतात, म्हणून तेही सांगते. दिशेचा कोन ॲप लोकेशनवरून काढतं, त्याला नेट लागत नाही. रत्नागिरीहून किब्ला पश्चिमेपासून उत्तरेकडे साधारण १३ अंश आहे. सुई मात्र जीपीएसवर चालत नाही, ती फोनमधल्या चुंबकीय कंपासवर चालते. गाडीत, लोखंडी कपाटाशेजारी किंवा चुंबकाचं झाकण असलेल्या कव्हरमध्ये ती सरळ चुकीची दिशा दाखवते. कव्हर काढा, गाडीपासून चार पावलं लांब या, फोन हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा दोन-तीनदा फिरवा आणि मग बघा.