टायरमधली हवा सांगणारा काटा

समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि मेहकर, डोणगाव भागातल्या गाड्या सलग तासन् तास वेगात धावू लागल्या. अशा धावण्यात टायरमधली हवा योग्य असावी लागते, म्हणूनच पंक्चरवाल्याकडचं हवेचं मीटर नीट समजून घ्यायला हवं.

या मीटरच्या डबीत वाकवलेली, चपटी, पोकळ धातूची नळी असते. हवा शिरली की जत्रेतल्या उलगडत्या पिपाणीसारखी ती सरळ होऊ पाहते. टोकाची ही इवलीशी हालचाल दातेरी चक्र मोठी करून काट्याला देतं. फ्रान्सच्या युजेन बूर्दों यांनी १८४९ मध्ये याचं पेटंट घेतलं.

काटा ३३ वर असेल तर बाहेरच्या हवेपेक्षा दर चौरस इंचाला ३३ पौंड जास्त दाब.

उन्हाळ्यात टायर फुटेल या धास्तीने हवा कमी ठेवतात, ते घातक आहे. कमी हवेचा टायर जास्त दबतो, दबून जास्त तापतो आणि तापूनच फुटतो. गाडी निघण्याआधी, टायर थंड असतानाच हवा तपासा. धावल्यावर दाब तीन-चार पौंडांनी सहज चढलेला दिसतो. तेव्हा हवा सोडू नका.