दिवा ट्रॅक्शनचा, दोष इंजिनाचा

पावसात चढावर गाडी सुटते, पुढचं एक चाक जागच्या जागी फिरू लागतं आणि चालकाने ॲक्सिलरेटरवरून पाय काढलेला नसतानाही इंजिनाचा जोर उतरतो. ब्रेकच्या, म्हणजे एबीएसच्या, युनिटने इंजिनाच्या संगणकाला, म्हणजे ईसीएमला, टॉर्क कमी करायला सांगितलेलं असतं. चाक घसरतंय हे त्याला एबीएसच्याच सेन्सरवरून कळतं. म्हणून तर १९७८ साली एबीएस बाजारात आणणाऱ्या बॉशला १९८६ मध्ये हे ट्रॅक्शन कंट्रोलही देता आलं.

पण नुसतं सांगून भागत नाही. इंजिन आत्ता किती टॉर्क देतंय, हे ईसीएमने उलट कळवावं लागतं. गंमत अशी की बहुतेक गाड्यांत हा टॉर्क कुणी मोजतच नाही. आत येणारी हवा, इंजिनाचे फेरे, ठिणगीची वेळ, इंधन यांवरून तो हिशेबाने काढला जातो. हवा मोजणारा सेन्सर मळला किंवा एखादा सिलिंडर मिसफायर व्हायला लागला, की हा हिशेबच भरवशाचा राहत नाही. मग ट्रॅक्शन कंट्रोल स्वतःला बंद करून घेतं आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. दुखणं इंजिनाचं, दिवा मात्र ट्रॅक्शनचा! तो दिवा पाहून एबीएसचं महागडं युनिट बदलायला लावणं हा गाडीमालकावर सरळसरळ अन्याय आहे.

म्हणून स्कॅनर लावल्यावर एकट्या एबीएसचे कोड वाचून थांबू नये. इंजिनाचे कोडही काढावेत आणि आधी कोणता उमटला ते पाहावं. मिसफायरचा कोड असेल तर प्लग, कॉइल, इंजेक्टर आधी तपासावेत. ते दुरुस्त झाल्यावर ट्रॅक्शनची तक्रार बऱ्याचदा आपोआप मिटते.

इंजिन ठणठणीत असेल, तर मात्र वायरिंगकडे वळायचं. जनरल मोटर्सच्या २००० सालाच्या आगेमागे अमेरिकेत विकल्या गेलेल्या अनेक गाड्यांत ब्रेकचं युनिट आणि ईसीएम यांच्यातल्या या देवाणघेवाणीसाठी दोन स्वतंत्र वायरी होत्या: एक मागणीची, दुसरी उत्तराची. सिग्नल सतत चालू-बंद होत राही आणि प्रत्येक फेरीत तो किती वेळ चालू राहिला, यावरून टॉर्कचा आकडा ठरे. त्या गाड्यांतला पी १६८९ हा कोड उत्तराच्या वायरीतल्या बिघाडाचा. इथे साधा मल्टिमीटर फसवतो, कारण तो सरासरी व्होल्टेज दाखवतो. मधूनच गळालेली पल्स त्यात दिसत नाही. ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर चौकोनी लाटेतला तो खंड लगेच डोळ्यांत भरते. कनेक्टर उघडला की पिनांवर हिरवट गंज सापडतो, किंवा वरून धड दिसणारी वायर आतून तुटलेली निघते. गाडी चालू ठेवून हार्नेस बोटभर अंतराने हलवत जायचं आणि पडद्यावरची नजर काढायची नाही. कंटाळवाणं काम आहे, पण दोषाची जागा त्यातूनच सापडते.

पुढे हे सगळं संभाषण कॅन बसच्या जोडवायरीवर गेलं. तिथली पहिली चाचणी मला फार आवडते, कारण ती दोन मिनिटांत बरंच काही सांगते. बॅटरी सोडायची आणि सोळा पिनांच्या डायग्नोस्टिक सॉकेटमध्ये ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये रोध मोजायचा. बसच्या दोन टोकांना १२० ओहमचे दोन रोधक असतात, त्यामुळे साधारण ६० ओहम यायला हवेत. १२० आले तर एका टोकाशी संपर्क तुटलाय. शून्याजवळ आले तर दोन्ही वायरी एकमेकींना चिकटल्यात. काही गाड्यांत या पिना आणि बस यांच्यामध्ये गेटवे, म्हणजे मधला संगणक, असतो. तिथे हे माप एबीएसच्या कनेक्टरपाशी घ्यावं लागतं.

आणखी एक. चारही टायर सारख्या मापाचे आहेत ना, ते आधी पाहावं. एक जरी वेगळा असला तरी त्या चाकाचा वेग वेगळा येतो आणि सिस्टिमला घसरण झाल्याचा भास होऊ शकतो.

नुसते कोड उडवून गाडी हातात देऊ नये. स्कॅनरवर मागितलेला आणि दिलेला टॉर्क शेजारी-शेजारी लावून गाडी सैल खडीवर न्यावी. चाक घसरताच मागितलेला आकडा खाली आला आणि त्याच्या मागोमाग दिलेलाही आला, की किल्ली मालकाला द्यायला हरकत नाही.