'लिमिटेड' म्हणजे काय मर्यादित?

'लिमिटेड' हे इंग्रजी विशेषण इंग्रजी न शिकलेल्यांनाही ठाऊक असते. त्याचा अर्थ 'मर्यादित'. पण नेमके काय मर्यादित, असे विचारले की उत्तर अडखळते.

मुंबईकरांच्या परिचयाची 'मर्यादित' बस घ्या. तिच्यात जागा कमी नसतात, थांबे कमी असतात. कंपनीच्या नावापुढील 'लिमिटेड' याहून फसवे. तेथे धंदा मर्यादित नसतो, भागधारकाची जबाबदारी मर्यादित असते. कंपनी बुडाली तर भागाचे पैसे जातील, पण तिचे कर्ज फेडण्यासाठी घरदार विकावे लागणार नाही. इंग्लंडमध्ये १८५५ साली तसा कायदा झाला, तेव्हा नावाच्या शेवटी हा शब्द लावण्याची सक्तीही झाली. कर्ज देणाऱ्याला आधीच इशारा!

पदार्थविज्ञानात हा शब्द आणखी चकवतो. एखादी दुर्बीण 'डिफ्रॅक्शन-लिमिटेड' आहे असे वाचले की विद्यार्थ्यांना ती कमी प्रतीची वाटते. वस्तुतः ही स्तुती होय. प्रकाश तरंगरूप असल्यामुळे दुर्बिणीच्या तोंडातून आत येताना तो किंचित पसरतो. यालाच विवर्तन म्हणतात. त्यामुळे आरसा कितीही निर्दोष घासला तरी ताऱ्याची प्रतिमा बिंदू न होता बारीकशी चकती होते. तरंगलांबीला आरशाच्या व्यासाने भागून १.२२ ने गुणले की चकतीची कोनीय त्रिज्या रेडियनमध्ये मिळते. दुर्बीण विवर्तनाने मर्यादित आहे, याचा अर्थ कारागिराचे सारे दोष संपले, उरली ती केवळ निसर्गाची अट.

जमिनीवरील मोठ्या दुर्बिणींची अडचण निराळी. तेथे थरथरणारी हवा प्रतिमा सुमारे १ विकला, म्हणजे अंशाच्या ३६०० व्या भागाइतकी, पसरवते. हवेवर उपाय न करता आरसा दुप्पट केला तर प्रकाश वाढेल, रेखीवपणा नाही. मर्यादा कशामुळे पडली हे न पाहता केलेला खर्च असा वाया जातो.

म्हणूनच हबल दुर्बीण १९९० साली अवकाशात धाडली. तिच्या आरशाचा व्यास २.४ मीटर. ५५० नॅनोमीटर तरंगलांबीसाठी वरील सूत्राने उत्तर येते सुमारे ०.०६ विकला. पण पहिली छायाचित्रे अंधुक निघाली! आरशाची कड हवी त्यापेक्षा सुमारे २ मायक्रॉन अधिक सपाट घासली गेली होती. हवेची मर्यादा ओलांडली, पण घासणाऱ्याची चूक आडवी आली. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी दोष भरून काढणारी उपकरणे बसवली, तेव्हा कुठे हबल विवर्तनाच्या मर्यादेजवळ पोचली.

आपल्या डोळ्याच्या बाहुलीचा व्यास दिवसा ३ मिलिमीटर धरून हेच गणित करून पाहा. उत्तर रेडियनमध्ये येईल. एक रेडियन म्हणजे सुमारे २,०६,२६५ विकला. निरोगी डोळ्याला साधारण ६० विकला अंतरावरचे दोन बिंदू वेगळे दिसतात. तर मग आपला डोळा कशाने 'लिमिटेड' आहे?