घर बांधण्याआधी: झोन दाखला ते भोगवटा

प्लॉट आपल्या नावावर असला, तरी त्यावर काय बांधायचं हे सर्वस्वी आपल्या हातात नसतं. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार प्रत्येक शहराचा विकास आराखडा ठरतो. त्यात आपली जमीन रहिवासी भागात आहे, शेती विभागात आहे की रस्त्याच्या आरक्षणात, हे झोन दाखल्यावरून कळतं. प्लॉट विकत घेणार असाल, तर विसार देण्याआधीच तो काढावा.

मुंबई आणि काही मोजके भाग वगळता राज्यभर २०२० ची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. किती बांधता येईल, हे चटई क्षेत्र निर्देशांक सांगतो. २०० चौरस मीटरचा प्लॉट आणि मूळ निर्देशांक १.१ असेल, तर सगळे मजले मिळून २२० चौरस मीटर. शिवाय पुढे, मागे, बाजूला सामासिक अंतर सोडावं लागतं. गच्चीवर शेड टाकताना किंवा बाल्कनी बंदिस्त करताना नेमका याचाच विसर पडतो. रंगरंगोटी, गिलावा, फरशी बदलणं यांना मात्र परवानगी लागत नाही.

सातबारा किंवा मिळकत पत्रिका, मोजणी नकाशा आणि परवानाधारक वास्तुविशारदाचे नकाशे जोडून बांधकाम परवानगीसाठी अर्ज करायचा. १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवर, अटींत बसत असल्यास, शुल्क भरल्याची पावतीच परवानगी ठरते. बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्राची मुदत एक वर्ष असते, ती वाढवून घेता येते.

काम संपल्यावर भोगवटा प्रमाणपत्र घेतल्याशिवाय राहायला जाऊ नये. पुढे घर विकताना खरेदीदाराची बँक पहिल्यांदा तेच मागते.